बघ्याचा धर्म

गिऱ्हाइकाचा धर्म आपल्याला ठाऊक असतो: माल पारखून घ्यावा, दाम चुकते करावेत. दुकानदाराचाही ठाऊक असतो: माप पुरं द्यावं, शिळं ते ताजं म्हणून विकू नये. पण बाजारात आणखी एक जण असतो. त्याला घ्यायचं काहीच नसतं, तो नुसता बघायला आलेला असतो. मंडळी, या बघ्यालाही काही धर्म असतो का?

क्योतोच्या निशिकी बाजारात हा प्रश्न हटकून पडतो. आपल्यापैकी अनेकांनी भारतातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन तिथली वारी केलेली आहे. रंगीत छताखालची जेमतेम ३९० मीटर लांबीची अरुंद गल्ली आणि दुतर्फा सव्वाशेच्या आसपास दुकानं. भाताच्या कोंड्यात मुरवलेली लोणची, सोयाबीनच्या दुधावरची साय म्हणजे युबा, गरगरीत कामो वांगी, १५६० सालापासूनची परंपरा सांगणारं आरित्सुगुचं सुऱ्यांचं दुकान. इथल्या जमिनीखालचं पाणी थंड, त्यात मासळी ताजी राहायची. १६१५ मध्ये इथल्या मासळीच्या व्यापाऱ्यांना सरकारी परवाना मिळाला. लोक या बाजाराला ‘क्योतोचं स्वयंपाकघर’ म्हणतात.

आता स्वयंपाकघर म्हटलं की आपल्याला एक गोष्ट लगेच कळते. पाहुणा बाहेरच्या खोलीत बसतो. आत यायला काहीतरी नातं लागतं. २००३ साली जपानमध्ये सुमारे ५२ लाख परदेशी पाहुणे आले होते, २०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाख. निशिकीची गल्ली मात्र तेवढीच राहिली. चालता चालता खाऊ नका, घ्याल ते दुकानापाशीच खा, अशी विनंती तिथे करावी लागते. काडीला लावलेला, डोक्यात लावीचं अंडं भरलेला चिमुकला ऑक्टोपस फोटोसाठी फार लोकप्रिय आहे. लोणच्यांच्या पिंपांपुढे त्या मानाने गर्दी कमी.

यावर माझे एक मित्र म्हणतात, “अरे, दुकानदारच काड्या विकतात ना? त्यांचा धंदा होतोय, तुझं काय जातंय?” मुद्दा खोटा नाही. सुपरमार्केटच्या जमान्यात बाहेरच्या गिऱ्हाइकाचा आधार जुन्या दुकानांना लागतोच. पण दुकानदार समोरच्याकडे बघून माल मांडतो. आज काडी खपली की उद्या फळीवर आणखी काड्या येतात आणि कोपऱ्यावरच्या आजीबाईंना हवा असलेला मुळा मागे सरकतो. म्हणजे बघ्याही बाजार घडवतच असतो, त्याच्या मनात असो वा नसो.

मग बघूच नये का? याचं उत्तर याच गल्लीत जन्मलेल्या माणसाने दिलेलं आहे. चित्रकार इतो जाकुचु (१७१६-१८००) हा निशिकीतल्या भाजीच्या घाऊक व्यापाऱ्याचा थोरला मुलगा. चाळिशीत त्याने दुकान धाकट्या भावाच्या हवाली केलं आणि पूर्णवेळ चित्रं काढू लागला. त्याच्या एका चित्रात बुद्धाच्या महानिर्वाणाचा प्रसंग आहे. बुद्धाच्या जागी मुळा आडवा पडलाय आणि भोवती भाज्या नि फळं शोक करत जमली आहेत. उभ्या जन्मात मुळ्याकडे इतकं निरखून किती जणांनी पाहिलं असेल? पण १७७१ मध्ये प्रतिस्पर्धी बाजारामुळे निशिकीवर बंद पडायची पाळी आली, तेव्हा हाच माणूस पुढे झाला आणि १७७४ मध्ये परवानगी मिळेपर्यंत खटपट करत राहिला. ज्या बाजाराने डोळ्यांना एवढं दिलं, त्याचं देणं त्याने फेडलं.

आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितलंय. मला वाटतं, पाहण्याचंही ऋण असतं. बघणं फुकट असलं, तरी तेही घेणंच आहे.

पुण्याच्या मंडईत हे शिकवायला माणसं बसलेली आहेत. गाळ्यासमोर उगीच घोटाळलात तर भाजीवाल्या मावशी स्पष्ट विचारतात, “घ्यायचं नसंल तर फुडं व्हा की!” क्योतोत असं कुणी म्हणत नाही. तिथे हसून नमस्कारच होतो. म्हणूनच तिथे जबाबदारी जास्त आहे. जिथे टोकणारं कुणी नसतं, तिथे मावशींचं काम ज्याचं त्यानेच करायचं असतं.

उन्हाळ्यात क्योतोला गेलो की मी कामो वांगी घेऊन येतो. वांगी महाग असतात आणि शिनकानसेनमध्ये ती मांडीवर सांभाळावी लागतात. दुकानदाराला विचारलं की ती कशी शिजवायची तेही तो सांगतो, मिसो लावून वगैरे. आमच्या घरी त्यांचं भरीत होतं. एवढ्याने क्योतोचं स्वयंपाकघर वाचणार नाही, हे मलाही कळतं. पण ते वांगं तिथे ज्या कामासाठी मांडलेलं असतं, ते काम तरी पुरं होतं.