विवेकावर सत्ता कोणाची?

घरधनी ख्रिस्ताचा शिष्य झाला, परंतु त्याच्या पत्नीचें मन अद्याप वळलें नाहीं. त्यानें तिला धाक घालून बाप्तिस्म्यास उभें करावें काय? अथवा मंडळींतील एखादा तरुण म्हणूं लागला कीं, आईच्या मांडीवर असतां झालेला बाप्तिस्मा मला पुरेसा वाटत नाहीं, तर त्याचें घर वाळींत टाकावें काय? प्रिय बंधुभगिनींनो, हे प्रश्न आमच्या खेडेगांवच्या मंडळ्यांत उठतात, आणि ते लहान नाहींत. ज्या शस्त्रानें आमच्या वाडवडिलांस घायाळ केलें, तेंच शस्त्र आपण हातीं घेण्याचा मोह त्यांत लपलेला आहे.

या बाबतींत अमेरिकेंतील आरंभींच्या मंडळ्यांचा इतिहास फार बोधप्रद आहे. इंग्लंडांत आपल्या समजुतीप्रमाणें भक्ति करितां येईना, म्हणून प्युरिटन लोक घरदार सोडून समुद्रापार गेले आणि इ. स. १६३० पासून मोठ्या संख्येनें मॅसॅच्युसेट्स प्रांतांत वसले. परंतु छळास कंटाळून आलेल्या या लोकांनीं सत्ता हातीं येतांच काय केलें? सरकारनें मनुष्याच्या आत्म्यावर अंमल चालवूं नये, असें शिकविणाऱ्या रॉजर विल्यम्स या पाळकास त्यांनीं १६३५ सालीं हद्दपारीची शिक्षा दिली. तो भर हिवाळ्यांत निघाला, आणि तेथील मूळच्या नॅरगॅन्सेट लोकांकडून जागा मिळवून १६३६ सालीं त्यानें प्रॉव्हिडन्स हें गांव वसविलें. जो स्वतः विश्वास कबूल करितो त्यासच बाप्तिस्मा द्यावा, असें मानणाऱ्या बॅप्टिस्ट लोकांची अमेरिकेंतील पहिली मंडळी तेथेंच १६३८ च्या सुमारास उभी राहिली. पुढें १६५१ सालीं ओबदाया होम्स या बॅप्टिस्ट उपदेशकास बोस्टन शहरांत तीस फटके मारण्यांत आले. मारणारे परधर्मी नव्हते. तेंच शास्त्र वाचणारे, त्याच प्रभूचें नांव घेणारे होते.

कोणी म्हणेल, दुसऱ्यास मोकळीक देणारा स्वतः विश्वासांत ढिला असतो. विल्यम्स ढिला नव्हता. क्वेकर पंथाची शिकवण त्यास अगदीं चुकीची वाटे, आणि १६७२ सालीं, सुमारें सत्तराव्या वर्षीं, त्यानें त्यांच्याशीं कित्येक दिवस जाहीर वाद केला. पण ज्या क्वेकरांस बोस्टनांत फांशीं दिलें होतें, त्यांस त्याच्या वसाहतींत निर्भयपणें राहतां येत होतें. त्यानें वाद केला, दंड केला नाहीं.

या इतिहासाचा धागा आमच्या महाराष्ट्रापर्यंत येतो. १८१२ सालीं अमेरिकन बोर्डानें आपले पहिले मिशनरी हिंदुस्थानांत पाठविले. त्यांपैकीं अ‍ॅडोनिराम जडसन यांचें मत बाप्तिस्म्याविषयीं शास्त्राचा अभ्यास करितां करितां बदललें, आणि कलकत्त्यास त्यांनीं बॅप्टिस्ट रीतीनें बाप्तिस्मा घेतला. ज्या बोर्डाचें अन्न ते खात होते, त्याच्या चाकरीचा त्यांनीं आपण होऊन राजीनामा दिला. विवेकाची किंमत त्यांनीं स्वतः भरली. त्यांचे सोबती गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे जुन्याच मताचे राहून फेब्रुवारी १८१३ मध्यें मुंबईस पोंचले. सरकारनें त्यांस परत धाडण्याचा हुकूम काढिला, तेव्हां हॉल यांनीं देवाच्या आज्ञेची आठवण देऊन गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांस नम्रपणें पण निर्भीडपणें विनविलें. अखेर त्यांस राहूं देण्यांत आलें, आणि मराठी मिशनचा पाया पडला. त्याच वेळीं हॉल यांच्या जन्मप्रांतांत, मॅसॅच्युसेट्समध्यें, गांवच्या मंडळीच्या करांतून सुटण्यासाठीं बॅप्टिस्ट मनुष्यास दाखला दाखवावा लागे. ती रीत १८३३ सालीं मोडली. परमुलुखीं आपल्यासाठीं मागितलेला न्याय स्वदेशांत शेजाऱ्यास देण्यास किती विलंब लागतो, तें पाहा!

मग मंडळींत शिस्त नको काय? अवश्य हवी. जो मंडळीची शिकवण मानीत नाहीं, त्यास मंडळीनें उपदेशक नेमूं नये. त्याच्याजवळ बसावें, शास्त्र उघडावें, त्यासाठीं प्रार्थना करावी. येथवर मंडळीचा अधिकार आहे. परंतु विहिरीचें पाणी, रोजचें काम, मुलांची सोयरीक आणि मेलेल्यास मूठमाती यांची अडवणूक करून मन वळविणें, हा अधिकार तिला कोणीं दिला? गांवकीनें आमच्या वाडवडिलांवर हेंच केलें, आणि त्यास आम्हीं अन्याय म्हटलें.

घरधन्यासही हेंच सांगणें आहे. जी पत्नी नांदावयास राजी आहे, तिला टाकूं नये, असें पौलानें करिंथच्या मंडळीस कळविलें. तो श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला, तेव्हां प्रभूनें त्याच्यावर प्रीति केली होती, तरी हात धरून त्यास ओढून आणिलें नाहीं. धाकानें वाकलेल्या माथ्यावर पाणी पडतें, पण मन कोरडेंच राहतें. म्हणून, बंधूंनो, तिच्यापुढें रोज चांगलें वागा, तिच्यासाठीं प्रार्थना करा, आणि वाट पाहा. प्रभूनें तुमचीही वाट पाहिली आहे.

— एक पाळक, मिरजोळे (जि. रत्नागिरी)