गर्दीतला स्पर्श



बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली ती स्त्री आपणांस ठाऊक आहे. सारा पैसा वैद्यांवर संपला. गर्दीतून मागून येऊन ती प्रभूच्या वस्त्राला चोरून शिवली आणि बरी झाली. प्रभूने मात्र तिला चोरून जाऊ दिले नाही. थरथरत ती सर्वांसमोर बोलली, तेव्हा त्याने तिला मुलगी म्हणून हाक मारली.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या मुलींना के याऊ बास्केटबॉल शिकवीत. १९८७ साली त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. पुढच्याच वर्षी त्यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेच्या महिलांनी सोल ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले. आजार परतला, तोही त्यांनी लपवला नाही. २००७ मध्ये त्यांच्या नावे निधी उभा राहिला. जानेवारी २००९ मध्ये त्या देवाघरी गेल्या. आजही कॉलेजच्या मुली गुलाबी पोशाखात सामने खेळून या निधीसाठी देणग्या गोळवतात. या दुखण्यातून उठलेल्या स्त्रियांना मैदानावर बोलावून टाळ्यांनी गौरवतात. पैशापेक्षा मला ते बोलावणेच मोठे वाटते.

आपल्या गंगापूर रोडवर कॉलेजे आहेत, खेळणाऱ्या मुली आहेत, दान देणारेही आहेत. पण घरातली बाई छातीतली गाठ कुणाला सांगते? दुखत नाही म्हणून, मुलीचे लग्न व्हायचे म्हणून गप्प राहते. (सुरुवातीला गाठ बहुधा दुखत नाहीच, तेच फसवे आहे.)

मुलींनो, पुढच्या सामन्याला आईला, मावशीला, शेजारच्या काकूंना घेऊन जा. परतताना हळूच विचारा. तपासणीला सोबत हवी असेल, तर मिस्सेनंतर थांबा. आपण व्यवस्था करू.