रीत आणि उत्तर

घरीं करावयास दिलेलीं उदाहरणें मुलाच्या वहींत बरोबर सुटलेलीं दिसलीं म्हणजे आईबापांचें समाधान होतें, आणि तें अस्थानीं आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु उत्तर खरें आणि रीत मात्र खोटी, असा प्रकार या वह्यांतून किती सहज घडतो, इकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. हा प्रकार गणितांतील चुकीहून अगदीं निराळ्या जातीचा आहे, आणि त्याचा विचार गणितज्ञापेक्षां नीतीची चाड असणारानेंच अधिक करावा असें आम्हांस वाटतें.

एक नेहमींचें उदाहरण घेऊं. व्यापाऱ्यानें दोन घड्याळें प्रत्येकीं 240 रुपयांस विकलीं. एकावर शेकडा 20 नफा झाला, दुसऱ्यावर शेकडा 20 तोटा. तर एकंदर व्यवहारांत काय झालें? बहुतेक मुलें, आणि पुष्कळ वडील माणसेंही, चटकन् सांगतात कीं, वीस आले, वीस गेले, फिट्टंफाट झाली. मग पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें उत्तर पाहावें, तों तेथें शेकडा 4 तोटा!

आतां मुलापुढें दोन वाटा असतात. एक म्हणजे 'शेकडा' या शब्दापाशीं थांबून 'पण कशावर?' असें विचारणें. नफातोटा खरेदीवर मोजावयाचा. आणि विक्री सारखी असली तरी दोन्ही घड्याळांची खरेदी सारखी नाहीं. पहिल्याची खरेदी 100 असती तर विक्री 120 झाली असती. म्हणून 240 विक्रीस खरेदी 200. दुसऱ्याची खरेदी 100 असती तर विक्री 80. म्हणून 240 विक्रीस खरेदी 300. एकंदर खरेदी 500, विक्री 480, तोटा 20. म्हणून शेकडा 4. दुसरी वाट जवळची आहे. 4 हा आंकडा काढावयाचा आहे हें ठाऊकच असतें. 20 ला 20 नें गुणिलें, 100 नें भागिलें, 4 आले. मागें 'म्हणून' लिहिलें आणि खालीं दुहेरी रेघ ओढली.

मौज अशी कीं, ही दुसरी आंकडेमोड चुकीची नाहीं. विक्री सारखी आणि शेकडेवारी सारखी असेल, तर तोटा नेहमीं त्याच हिशेबानें येतो, आणि बीजगणितानें तें दाखवितां येतें. पण मुलास हें ठाऊक नसतें. त्यानें लिहिलेला प्रत्येक आंकडा खरा आहे. खोटा आहे तो फक्त 'म्हणून' हा शब्द. त्या शब्दांत एक साक्ष असते: हें मागल्यावरून आलें, आणि तें येतांना मीं पाहिलें. न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून सांगणारा साक्षीदार, ती गोष्ट पुढें खरी ठरली एवढ्यानें, सच्चा ठरत नाहीं.

यावर कोणी रामानुजनांचें नांव घेईल. 1913 च्या जानेवारींत त्यांनीं हार्डी यांस पाठविलेल्या पत्रांत सिद्धान्तांची रांग होती, आणि सिद्धता जवळजवळ नव्हत्याच. खरें आहे. पण रीत न लिहिणें निराळें आणि खोटी रीत लिहिणें निराळें. रामानुजनांनीं जागा रिकामी ठेविली, ती भलत्याच आंकड्यांनीं भरली नाहीं. शिवाय हार्डींनीं सिद्धता मागितल्याच, आणि मूळ संख्यांविषयींचा त्यांतील दावा टिकला नाहीं. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या लीलावतींतील सूत्रें पाठ करणारे पुष्कळ झाले. तरी कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांस 1545 त बुद्धिविलासिनी ही टीका लिहून त्या सूत्रांच्या उपपत्ति देणें आवश्यक वाटलें.

हल्लीं दूरध्वनीच्या यंत्रावर उदाहरणाचें छायाचित्र धरलें कीं उत्तरासह सगळ्या पायऱ्या दिसूं लागतात. शाळेंत पायऱ्यांस निराळे गुण असल्यामुळें त्या उतरून घेण्याचा मोह मोठा आहे. सोडविलेलें उदाहरण पाहूंच नये, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. अक्षर वळण्यासाठीं कित्ता गिरवितात, तसें येथेंही चालेल. परंतु कित्ता हा स्वतःचा पत्रव्यवहार नव्हे. यंत्र मिटवून मुलास विचारावें कीं, 240 च्या जागीं 360 असते तर? तोटा 30 रुपये होतो, पण शेकडा 4 च राहतो. असें कां, हें ज्यास सांगतां येईल त्यानें पायऱ्या खुशाल कोठूनही घेतलेल्या असोत, त्या आतां त्याच्या झाल्या.

ज्यास सांगतां येत नाहीं, त्याच्याविषयींच खरा प्रश्न आहे. त्यानें काय लिहावें? आमच्या मतें, दोन ओळी झाल्यावर त्यानें सरळ लिहावें कीं, 'येथपर्यंत आलें, पुढें कळलें नाहीं.' अशा वहीवर दुसऱ्या दिवशीं तांबडी रेघ पडण्याचा संभव आहे. रात्रीं नऊ वाजतां, दिवसभराच्या कामानें थकलेल्या बापानें पेन्सिल हातीं घेऊन पुढच्या तीन ओळी सांगाव्या, कीं ती रेघ पडूं द्यावी? सुशिक्षित घरांतूनही हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. कारण पेन्सिल तोंवर हातीं आलेली असते.