एकाच्या जागी दुसरा

मी जन्मभर जमाखर्च लिहिला. त्यामुळे एका रुपयाच्या जागी दुसरा रुपया चालतो, हे तत्त्व माझ्या हाडीमासी खिळलेले. परसातला आजोबांनी लावलेला फणस वादळात पडला, तेव्हाही मी आईला सहज म्हणालो होतो, "दुसरा लावू." आई काही बोलली नाही. तिचे ते न बोलणे मला फार उशिरा कळले, आणि तेही एका माशामुळे!

अमेरिकेतील आयडाहो राज्यात, डोंगरांच्या कुशीत, रेडफिश नावाचे सरोवर आहे. सॉकाय जातीचा सॅमन मासा तेथे जन्मतो, समुद्रात वाढतो, आणि अंडी घालण्याच्या वेळी सुमारे १४५० किलोमीटर प्रवाह कापून, दोन हजार मीटरांच्या आसपास चढून, पाण्याच्या वासाची खूण धरून पुन्हा तेथेच येतो. त्या वाटेवर माणसाने आठ धरणे बांधली. १९९२ साली सरोवरापर्यंत एकच मासा परतला. तोही नर. लोकांनी त्याचे नाव ठेवले 'एकाकी लॅरी'.

माझ्यातला कारकून म्हणाला, एवढा शोक कशाला? अलास्कात हाच सॉकाय दरवर्षी कोटींच्या संख्येने येतो. त्यातले चार आणून सोडा, की खाते जुळले!

पण वाचकहो, खाते जुळत नाही. आपापल्या पाण्यातच पिढ्यान् पिढ्या वीण होत गेल्याने एकेका नदीच्या माशाचा आनुवंशिक वारसा निराळा झालेला असतो. कॅनडातील फ्रेझर नदीच्या सॉकाय माशांविषयीचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची वाट अधिक खडतर, त्यांचे हृदय मोठे आढळले. वाट माशाच्या काळजात उतरलेली असते! सखल नदीचा मासा जातीने तोच. पण रेडफिशची वाट त्याच्या अंगी कोठून असणार?

येथे मला एक भय वाटते. हा दृष्टांत माणसांना लावून, 'ज्याने त्याने आपल्या जागी राहावे' असे कोणी म्हणेल. तसे म्हणणे माशांवरही अन्याय करणारे आहे. हे सरोवर हिमनदीने घडविले; आज त्याचे धनी म्हणविणारेही कधीकाळी परकेच होते. आजही थोडे सॅमन वाट चुकतात, आणि त्यातूनच नवी पाणवठ्याची घरे वसतात. तेव्हा मोल आहे ते त्या पाण्याशी जमवून घेण्यात गेलेल्या हजारो वर्षांचे. ती वर्षे विकत मिळत नाहीत.

लॅरी आणि त्याच्यासारख्या मूठभर उरलेल्यांपासून माणसाने पैदास केली. २०१४ साली दीड हजारांहून अधिक मासे परतले. आनंदच आहे. तथापि जे वारसे त्यापूर्वीच बुडाले, ते त्यात नाहीत.

मोडले तर दुसरे आणू, हे आपले औदार्य की निष्काळजीपणा?

आमच्या परसात आता नवा फणस उभा आहे. त्याच जुन्या फणसाच्या आठळीचा. गरे गोड आहेत. पण ते गरे त्या झाडाचे नव्हेत. परवा नातू म्हणाला, "आजोबा, फणस तो फणसच ना?"

मी काही बोललो नाही.