लोकलचा माल

फेब्रुवारी म्हणजे नाशिककडे द्राक्षतोडणीचा ऐन हंगाम, आणि नेमकं त्याच महिन्यात बर्लिनला ‘फ्रूट लॉजिस्टिका’ भरतं. फळं-भाजीपाल्याच्या व्यापारातलं हे जगातलं मोठं प्रदर्शन. त्यामुळे बागेत कात्री चालू आणि मालक जर्मनीत स्टॉलवर उभा, असा प्रकार बऱ्याच जणांकडे होतो. त्या वर्षी पिंपळगाव बसवंतच्या बाजूचे चौघं गेले होते. पुढारपण अर्थातच भाऊसाहेबांकडे.

भाऊसाहेब रांगेत उभे राहिलेले कोणी पाहिले नव्हते. त्र्यंबकेश्वर असो, वणीचा गड असो की तहसील कचेरी, आधी फोन जायचा, मागून भाऊसाहेब. त्यात वाईट काही नाही. आपल्याकडे निम्मी माणसं असं जगतात आणि उरलेली निम्मी तसं जगायला मिळावं म्हणून धडपडतात. चौघांत वयानं मोठे तात्या. अठ्ठावन्न वर्षांचे, स्वतःचं पॅकहाऊस, बोलणं कमी. त्यांची भाची बर्लिनमध्ये मास्टर्स करत होती. स्टॉलवर दुभाषी म्हणून तीच उभी राहिली होती.

शेवटच्या दिवशी एका डच खरेदीदारानं गप्पांत बेर्गहाइन या नाइटक्लबचं नाव काढलं. म्हणाला, तिथे आत जाणं हेच अवघड. पैसेवाले, नाववाले, सगळे दारातून परत फिरतात. एवढं पुरलं. भाऊसाहेबांनी तिथल्या तिथे गावाकडच्या ग्रुपवर टाकलं, ‘उद्या रात्री बेर्गहाइन. बघू कोण अडवतंय.’ मिनिटभरात अंगठ्यांची रास लागली. आता जाणं भागच होतं.

भाची म्हणाली, “मामा, चौघांनी एकत्र नका जाऊ. सारखी जाकिटं, गळ्यात प्रदर्शनाचे पास. नाही घेणार आत.”

तात्यांनी हे भाऊसाहेबांच्या कानावर घातलं. भाऊसाहेब हसले. “पास दाखवायलाच असतो, तात्या.”

शनिवारी रात्री बाराच्या पुढे मंडळी ऑस्टबानहोफ स्टेशनला उतरली. भाचीही बरोबर होती. मागच्या बाजूला मोकळ्या जागेत एक प्रचंड, करडी इमारत. पूर्व जर्मनीच्या काळातलं वीज आणि उष्णता पुरवणारं केंद्र; २००४ पासून क्लब. वर ना दिव्यांची रोषणाई, ना मोठी पाटी. शनिवारी रात्री उघडतो तो सोमवारी सकाळीच थांबतो. आणि समोर रांग. भाऊसाहेबांनी पुढे जाऊन चौकशी करायचा प्रयत्न केला, तेव्हा रांगेतल्या चार-दोन जणांनी नुसतं वळून पाहिलं. ते मुकाट्यानं मागे येऊन उभे राहिले.

थंडी शून्याच्या आसपास असेल. तिघंजण पाय आपटत होते. तात्यांचं तसं नव्हतं. निफाडकडे पारा चार-पाचवर आला की द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवून रात्र काढावी लागते. पाण्याच्या मोटारीला लाइट रात्रीची आली तर तीही रात्र गेलीच. मफलर घट्ट करून ते उभे होते आणि दाराकडे बघत होते. रांगेत कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. बिअर संपली की लोक बाटली खांबाच्या बुडाशी नीट उभी करून ठेवत. थोड्या वेळानं पिशवी घेतलेला एक म्हातारा आला आणि त्या वेचून घेऊन गेला. भाची म्हणाली, दुकानात परत दिली की बिअरच्या बाटलीमागे आठ सेंट मिळतात, म्हणून लोक फेकत नाहीत, त्याच्यासाठी ठेवतात.

वेळ जावा म्हणून तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. या क्लबवर कर ऑपेरासारखा बसवायचा की करमणुकीच्या धंद्यासारखा, असा वाद कोर्टात गेला होता. २०१६ मध्ये कोर्टानं सांगितलं, हे संगीताच्या मैफलीसारखंच आहे, तेव्हा एकोणीस नाही, सात टक्के. त्या सबंध रात्रीत भाऊसाहेबांनी मनापासून ऐकलेली गोष्ट ही एकच. “सात टक्के? सीए कोण आहे यांचा?”

दाराजवळ आल्यावर तात्यांना एक लक्षात आलं. दारावरचा माणूस फार तर तीन सेकंद बघायचा. कपड्याच्या किमतीकडे त्याची नजर नव्हती, कारण फाटक्या स्वेटरातली पोरं आत गेली आणि चकचकीत बूट घातलेली जोडी परत आली. एकटा आलेला गेला. हसत-खिदळत आलेला सहा जणांचा घोळका परत आला.

यांची पाळी आली. “किती जण?” त्यानं विचारलं. भाऊसाहेबांनी उत्तराबरोबर व्हिजिटिंग कार्ड पुढे केलं. कार्डाखाली दुमडलेली पन्नास युरोची नोटही होती. माणसानं कार्डाकडे पाहिलं नाही, नोटेकडेही नाही. सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मान हलवली. “आज नाही.”

“का पण?” भाऊसाहेब.

त्यानं हातानं बाजूची वाट दाखवली. आवाज चढला नाही, चेहरा बदलला नाही. मागचा माणूस एक पाऊल पुढे आलासुद्धा.

कोपऱ्यावर येईपर्यंत भाऊसाहेबांनी जर्मनीचं काही ठेवलं नाही. रंग बघून नाकारलं म्हणाले. (असं कुठेच होत नाही असं नाही, पण त्यांच्या पुढेच दोन सावळी पोरं आत गेली होती.) मग गाडी भाचीवर घसरली, तुझी ओळख कशी नाही म्हणून. तात्या म्हणाले, “भाऊ, आपल्या पॅकहाऊसला बाया काय करतात? घड हातात घेतला, उजेडाला धरला, मणी सोळाचा की अठराचा नजरेनंच ओळखला, की इकडं नाही तर तिकडं. घडानं कधी विचारलंय का, का म्हणून? आंबट नसतो तो. त्या पेटीत बसत नाही, एवढंच.”

“म्हणजे आपण नापास?”

“एक्स्पोर्टला नापास. लोकलला चालेल की.”

भाऊसाहेबांना विनोद रुचला नाही. ते परत फिरले, रस्त्याच्या पलीकडून इमारत मागे येईल असे उभे राहिले आणि दोघांकडून स्वतःचे आठ-दहा फोटो काढून घेतले. अंगठा वर केलेला एक चांगला आला. मग टॅक्सी करून तिघं हॉटेलवर गेले. “मी भाचीकडे टेकतो,” असं सांगून तात्या मागे राहिले.

ते जाईपर्यंत भाची थांबली. मग म्हणाली, “झोपायचंय का खरंच?”

“आलोच आहे तर ऐकू काय असतं ते.”

स्टेशनाजवळूनच श्प्रे नदीवर शिलिंग पूल आहे. तो ओलांडून दोघं कोपेनिकर रस्त्याला लागली. वाटेत ती सांगत होती. पश्चिम बर्लिनमध्ये रात्री ठरावीक वेळेला बार बंद करायची सक्ती १९४९ मध्येच उठली. हाइन्झ झेलरमायर नावाचा एक हॉटेलवाला व्हिस्कीची बाटली घेऊन अमेरिकन कमांडंटला भेटायला गेला आणि त्याला पटवून आला. तात्यांना हे फार आवडलं. आपल्याकडे दहाच्या ठोक्याला स्पीकर बंद करायला पोलीस येतात, आणि बाटली घेऊन भेटायला जाणारेही असतात, पण असा कायमचा निकाल कोणी लावून आणलेला त्यांनी ऐकला नव्हता.

पुढे १९८९ मध्ये भिंत पडली. पूर्वेकडच्या कितीतरी इमारती रिकाम्या; मालक कोण, याचाच पत्ता नाही. पोरांना तळघरं सापडली. लाइपझिगर रस्त्यावर वेर्टहाइम या ज्यू घराण्याच्या जुन्या भव्य दुकानाची जमिनीखालची तिजोरीची खोली शाबूत होती. दुकान नाझींनी घराण्याच्या हातून काढून घेतलेलं, इमारत युद्धात उद्ध्वस्त झालेली, खाली तिजोरी तेवढी राहिलेली. १९९१ मध्ये तिथे ‘ट्रेझोर’ क्लब सुरू झाला. पूर्वेची आणि पश्चिमेची पोरं, जी जन्मभर एकमेकांना भेटली नव्हती, ती अंधारात खांद्याला खांदा लावून नाचली. टेक्नो संगीत आलं होतं अमेरिकेतल्या डेट्रॉइटहून, मोटारींचे कारखाने बंद पडलेल्या गावातून. ती जागा २००५ मध्ये गेली. २००७ पासून ट्रेझोर इथे, कोपेनिकर रस्त्यावरच्या या जुन्या वीजकेंद्रात आहे. २०२४ मध्ये तर जर्मनीनं बर्लिनच्या टेक्नोची नोंद आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली.

“पास काढा मामा गळ्यातला,” दार जवळ आल्यावर ती म्हणाली.

इथेही रांग होती, छोटी. दारावरच्या बाईनं तात्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. आज कोण वाजवणार आहे ते माहीत आहे का, असं विचारलं. तात्यांचं इंग्रजी कंटेनर आणि रेसिड्यूच्या रिपोर्टवर पोसलेलं. ते म्हणाले, “नो मॅडम. शी नोज. फर्स्ट टाइम. आय ओन्ली लिसन.” बाई किंचित हसली असावी. आत घेतलं. आत गेल्यावर एका पोरानं मोबाइल मागितला, पुढच्या आणि मागच्या कॅमेऱ्यावर एकेक गोल चिकटपट्टी लावली आणि परत दिला. कोट जमा केले, त्याचं टोकन मिळालं. भाचीनं बारवरून कानात घालायचे फोमचे बोळे आणून दिले.

मग एक लांबलचक बोगदा. धूर एवढा की स्वतःचा हात दिसेना. आवाज कानांआधी बरगड्यांना कळला. बोगदा संपला तिथे बुटक्या छताची खोली. एका बाजूला गंजलेल्या लोखंडी लॉकरांच्या रांगा, त्या जुन्या तिजोरीतून आणलेल्या, दारं उचकटलेली. जाड गजांच्या मागे वाजवणारा. मध्येच पांढरा लखलखाट व्हायचा, तेवढ्यात माणसं दिसायची, पुन्हा अंधार.

तात्या भिंतीला टेकून उभे राहिले. तरुणपणी जत्रेत त्यांनी रात्र-रात्र तमाशा पाहिला होता. तिथे सगळ्या नजरा फडाकडे. इथे जो तो भलतीकडे तोंड करून. कोणी कोणाला दाखवण्यासाठी काही करत नव्हतं, कारण बघणारंच कोणी नव्हतं. त्यांच्यापासून हातभर अंतरावर पांढऱ्या केसांची एक बाई डोळे मिटून, कोपरं अंगाशी धरून, जागच्या जागी डोलत होती. वयानं त्यांच्या बहिणीएवढी. तिच्या पलीकडे चाकाच्या खुर्चीतला एक तरुण मान हलवत होता. तात्यांचा हात दोनदा खिशाकडे गेला. घरी दाखवावं हे, असं वाटलं. चिकटपट्टी आठवली, हात मागे आला. तिसऱ्यांदा गेला नाही.

किती वेळ गेला ते त्यांना सांगता आलं नसतं. सुरुवातीला सगळं एकसारखं वाटणाऱ्या त्या ठोक्यांत आतून काहीतरी सरकतंय, एक आवाज हळूच येतोय, दुसरा काढून घेतला जातोय, हे त्यांच्या ध्यानात यायला लागलं. डावा पाय आपोआप पडत होता. मग उजवाही. खांदे हलले. ते नाचले का? नाचले म्हणायला हरकत नाही. भाचीनं पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. पोरगी शहाणी.

सहाच्या सुमाराला बाहेर आले तेव्हा शुक्रवार-शनिवारच्या रात्री अखंड धावणारी भुयारी रेल्वे चालूच होती. हॉटेलवर पोचून त्यांनी घरी व्हिडिओ कॉल लावला. “नुसता काळोख दिसतोय, आहात कुठं?” मंडळी पलीकडून. पट्टी नखानं काढावी लागली.

नाश्त्याला भाऊसाहेबांच्या ग्रुपवरचा मजकूर तिघांनी वाचला. अंगठा वर केलेला फोटो, खाली, ‘अखेर जिंकलंच!’ आत फोटो काढू देत नाहीत, हे भाऊसाहेबांना रांगेतच कळलं होतं आणि ते त्यांच्या फार कामी आलं. कोणी पुरावा मागूच शकत नव्हतं. बाकीचे दोघं अंड्याकडे बघत होते. तात्यांनी चहा मागवला.

एप्रिलमध्ये, हंगाम उरकून बागांची खरड छाटणी चालू झाल्यावर, तात्यांच्या पॅकहाऊसवर मंडळी जमली होती. तोवर भाऊसाहेबांच्या गोष्टीत झुंबरं लागली होती, मखमली कोच आले होते, आणि दारावरच्या माणसानं कार्ड वाचून सलाम ठोकला होता. ऐकणाऱ्यांत एक तरुण बागाईतदार होता. पुढच्या फेब्रुवारीत तो पहिल्यांदाच जाणार होता. त्यानं विचारलं, “भाऊ, पण आत शिरायचं कसं? घालायचं काय?”

“ओळख लागते,” भाऊसाहेब म्हणाले. “मला सांग, करू काहीतरी.”

पोरगा तात्यांकडे वळला. “तुम्ही पण होता ना, तात्या?”

तात्या पेट्यांचा हिशेब बघत होते. मान वर न करता म्हणाले, “साधे काळे कपडे घाल. बूट चालायचे, पाय दुखतात उभं राहून. दोघांच्या वर जाऊ नको. कोण वाजवणार ते आधी बघून ठेव, विचारतात. विचारलं आणि माहीत नसलं तर नाही म्हणून सांग. खिशात रोख ठेव. आणि कानात घालायला काहीतरी ने, नाहीतर दोन दिवस शिट्टी वाजते.”

भाऊसाहेबांचा चहाचा कप तोंडापाशीच थांबला. “तुम्ही तर भाचीकडे झोपायला गेला होता ना, तात्या?”

“हो, भाचीबरोबरच होतो,” तात्या म्हणाले, आणि पोराला विचारलं, “तुझी छाटणी कुठवर आली रे?”