बाटल्या सारख्याच दिसतात म्हणे

“बाटल्या सारख्याच दिसतात हो काकू, म्हणून झालं.” काकूंनी सिस्टरचा हात वेळेवर धरला, म्हणून काकांच्या सलाइनमध्ये भलतं औषध गेलं नाही. या आठवड्यात हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं आणि त्या वाक्याचा संताप अजून उतरलेला नाही.

सारख्या दिसतात, हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं ना? मग त्या एकाच ट्रेमध्ये शेजारी-शेजारी ठेवल्या कोणी? उदाहरणार्थ, पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. म्हणून तर ते वॉर्डातल्या इतर कुप्यांपासून वेगळं ठेवायचं असतं. बाटल्या सारख्या असतात म्हणूनच त्यांच्यावर लेबल चिकटवतात! जे वाचायचं कारण आहे, तेच न वाचण्याची सबब कशी होईल?

आठवा 31 जानेवारी 2021. यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरीत, पाच वर्षांखालच्या 12 लेकरांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. ही सबब तिथं लावून बघा. पोलिओची कुपी इवलीशी, बर्फाच्या डब्यातली. तिच्यावरचा चौकोन लस उष्णतेनं बिघडली का ते सांगतो, तो पाहिल्याशिवाय थेंब द्यायचेच नसतात. सॅनिटायझरचा तर वासच नाकात जातो. सारखं काय होतं त्यात? सारखेपणा दिसायलाही आधी बाटलीकडे बघावं लागतं. लेकरं बरी झाली, हे त्यांच्या आईबापांचं नशीब.

कामाचा ताण खरा आहे. चाळीस खाटांमागे एक सिस्टर ठेवणाऱ्यांनाही जाब विचारलाच पाहिजे, नुसतं तिला निलंबित करून भागणार नाही. पण लेबल वाचायला पाच सेकंद लागतात.

आणि पेशंटला खाटेच्या नंबरानं मारलेली ती “बारा नंबर” अशी हाक! खाटेवर माणूस असतो, त्याला त्याचं नाव विचारा, पूर्ण नाव. वऱ्हाडातल्या वॉर्डात एका वेळी दोन देशमुख असायचेच.

आपलं माणूस इर्विन रुग्णालयात असो, डफरीनला असो, अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात असो की खासगी दवाखान्यात, सुई टोचण्याआधी एवढं म्हणा: “सिस्टर, औषधाचं नाव जरा मोठ्यानं वाचता का?” राग आला तर येऊ द्या. काकूंवरही सिस्टर रागावल्याच होत्या. काका काल घरी आले.