स्टेटसमधलं राजकारण आणि खारपाणपट्ट्यातलं पाणी

तरुणांना राजकारणात रस नाही, असं म्हणणाऱ्याने अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरच्या किल्ल्याजवळ चहाच्या टपरीवर जरा वेळ बसावं. प्रत्येक हातातल्या मोबाईलवर राजकारणच चालू असतं. एकाच्या स्टेटसला भाऊंचा वाढदिवस, दुसऱ्याच्या रीलमध्ये मुंबईतल्या नेत्याचं भाषण, तिसरा ग्रुपवर कुणाशी तरी तावातावाने भांडतोय. रस भरपूर आहे. मात्र हे सगळं राजकारण दिल्ली-मुंबईचं. त्यात बाळापूर कुठेच नाही.

याची किंमत वऱ्हाडाने मोजली आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये दूरच्या त्रिपुरातल्या घटनांवरून अमरावती पेटली. १३ मे २०२३ च्या रात्री समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल झाली, एकाचा जीव गेला. दोन्ही वेळा इंटरनेट बंद करावं लागलं. ज्या माध्यमातून तरुणांना लोकशाहीत आणायचं, तेच प्रशासनाला आधी बंद करावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

खरं तर राजकारणाचा विषय दाराशीच आहे. बाळापूर तालुक्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यात येतो. तिथल्या बोअरचं पाणी उकळलं की भांड्याच्या तळाला पांढरा थर बसतो, आणि किडनीच्या आजाराची धास्ती घराघरात असते. ६९ गावांच्या पाणीयोजनेसाठी एप्रिल २०२३ मध्ये इथले आमदार नितीन देशमुख लोकांना घेऊन अकोल्याहून नागपूरकडे पायी निघाले होते. पक्ष कुठला, हा प्रश्न बाजूला ठेवू. पाणी हा राजकारणाचा विषय आहे, हे त्या यात्रेने दाखवलं. पण योजनेचं पुढे काय झालं, पाइप कुठवर आला, पैसा कुठे अडला, याचा पाठपुरावा करणारं रील कुणी बनवतं का?

दोष पोरांना देऊन भागणार नाही. महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका राज्यात तीन दशकं बंद आहेत. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने दार उघडलं, तरी निवडणूक झालीच नाही. २०२२ पासून बहुसंख्य नगरपालिकांवर वर्षानुवर्षं प्रशासक बसले. त्या काळात अठराव्या वर्षी मतदार झालेल्या मुलाला आपला नगरसेवक निवडण्याची संधीच मिळाली नाही. मग तो कुणा भाऊचा कट्टर समर्थक होणार नाही तर काय करणार?

आपल्याच भागात याचं उत्तर सापडतं. तुकडोजी महाराजांच्या काळात खंजिरीवरचं भजन हेच गावागावांत पोचणारं माध्यम होतं. त्या भजनांनी तरुण पेटले, १९४२ मध्ये महाराजांना तुरुंगवासही झाला. पण भजन संपलं की काम सुरू व्हायचं. सामुदायिक प्रार्थना, ग्रामसफाई, आणि हे सगळं चालवायला गावोगावी श्रीगुरुदेव सेवा मंडळं. माध्यम माणसं गोळा करतं. त्यांना कार्यकर्ता करते ती संघटना आणि हाताला मिळालेलं काम. आज पक्षांचे आयटी सेल फक्त गोळा करतात.

साधनं मात्र खिशातच आहेत. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि खर्च दिसतो. तुमच्या गावाचं ते पान आज उघडा. त्यातलं एक काम निवडा, प्रत्यक्ष जागेवर जाऊन फोटो काढा, दोन्ही शेजारी शेजारी लावून स्टेटसला ठेवा. आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत उभं राहून त्याबद्दल विचारा.